घरात कॉलेज येतं तेव्हा

आमचं घर करोल बागेतल्या रैगरपुऱ्यात आहे. गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी, सांगली जिल्ह्यातून देशभर पांगलेल्या कुटुंबांपैकी आमचं एक. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या दुष्काळी भागातली माणसं जिथे सराफ बाजार दिसला तिथे भट्टी मांडून बसली, तशीच ती इथेही आली. विट्याच्या बळवंत कॉलेजात माझं पहिलं वर्ष चालू होतं, तेवढ्यात लग्न होऊन मी दिल्लीला आले. मुलं मोठी झाल्यावर इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, बी.ए.ला बसले. पुढे मुलीने आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीला प्रवेश घेतला आणि दिरांचा मुलगा दिल्ली विद्यापीठाच्या स्कूल ऑफ ओपन लर्निंगमध्ये गेला. एका घरात तीन विद्यार्थी, तीन तऱ्हांची कॉलेजं, आणि रोज कुठेच जायचं नाही. आता गल्लीतल्या बायका आणि दुकानावरची पोरं विचारतात, ‘वहिनी, तयारी काय करायची?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. सगळ्यात आधी तास मोजावेत. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत सापडली. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. माझ्या बी.ए.ला १३२ क्रेडिट लागत होती. गुणाकार केला तर ३,९६० तास होतात. तीन वर्षांत पुरं करायचं म्हटलं तर दिवाळी-दसरा धरून रोज साडेतीन तासांहून जास्त. तो आकडा वहीत मांडला आणि मी गप्पच झाले. घरी बसून शिकायचं म्हणजे उरलेल्या वेळात शिकायचं, अशी माझी समजूत होती, आणि उरलेला वेळ तर माझ्याकडे अर्धा तासही नव्हता. त्याच पुस्तिकेत पुढे दिसलं की तीन वर्षांची ही पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. मला ही फार मोठी सवलत वाटते. नियमित कॉलेजात मागे पडलेल्याला नापास म्हणतात. इथे हळू चालणाऱ्यासाठी वाट आधीच रुंद करून ठेवली आहे. सकाळी दुकान उघडून रात्री बंद करणाऱ्या पोराने पहिल्याच वर्षी सगळे विषय अंगावर घेण्यापेक्षा आपला दिवस कागदावर लिहून बघावा. शंका असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर एखादा आठ किंवा बारा आठवड्यांचा कोर्स आधी करून पाहावा. २०१७ पासून ते चालू आहे, शिकायला पैसे पडत नाहीत, फी लागते ती परीक्षेची. आठवडे पुरे झाले की आपल्याला किती झेपतं ते आपलं आपल्याला कळतं.

२. घरात बसून शिकणारा माणूस बाकीच्यांना मोकळा दिसतो. कानात इअरफोन घालून मी व्याख्यान ऐकत असले की सासूबाई म्हणायच्या, ‘काय गं, कवापास्नं मोबाइलात बघत बसलीयास?’ त्यांचं काय चुकलं? मालिका बघणारी सून आणि अर्थशास्त्र ऐकणारी सून बाहेरून सारखीच दिसते. पुढे मी वही उघडून, पेनाने लिहीत लिहीत ऐकायला लागले. थोड्याच दिवसांत दारात आलेल्या शेजारणीला सासूबाईच म्हणाल्या, ‘ती लिवतीया, सांच्याला ये.’ वही मी स्वतःच्या लक्षात राहावं म्हणून घेतली होती. घराला मात्र तिने न बोलता सांगितलं की इथे अभ्यास चालू आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूबाईंनी लिहिणाऱ्या हाताला जो मान दिला, तो मला आजही मोठा वाटतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. मुलगा लॅपटॉपसमोर बसला की घर टीव्हीचा आवाज कमी करतं. मुलगी किंवा सून बसली की तिला गॅसवरचं दूध बघायला सांगतं. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून कॉलेजची वेळ ठरवून घ्यावी, आणि त्या वेळेत पोळ्या कोण करणार, दार कोण उघडणार, हेही त्याच बैठकीत ठरवावं. मागाहून ठरत नाही.

३. आपल्या नावाची तयारी अभ्यासाच्या तयारीइतकीच लागते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी माझं माहेरचं आडनाव, मग मी, मग वडील. आधार कार्डावर आधी मी, मग हे, मग सासरचं आडनाव. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्याला क्रेडिट बँकेचं, म्हणजे एबीसीचं, खातं लागतं. हे सगळं आधारशी जोडलेलं. संगणकाला माहेर-सासर कळत नाही, त्याला अक्षरं जुळलेली हवीत. आमच्या कितीतरी बायकांची लग्नं गावच्या मांडवात झाली आणि नोंदणीचं कुणाच्या मनातच आलं नाही. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून लग्नाच्या नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून आधी करून घ्यावा. प्रवेशाची शेवटची तारीख तोंडावर आली असताना दिल्लीत बसून गावचा कागद मिळवणं फार जिकिरीचं असतं.

४. अभ्यासाला जागा लागते, आणि करोल बागेत जागेइतकं महाग दुसरं काही नाही. आमच्या घराखाली भट्टी, तिचा एक्झॉस्ट पंखा दिवसभर घोंघावतो, गल्लीत रिक्षा आणि हातगाड्या, लग्नसराईत तर रात्री उशिरापर्यंत ग्राहक. सोमवारी बाजार बंद असतो. करोल बागेत राहून इतकी वर्षं सोमवार म्हणजे घर आवरण्याचा दिवस होता, तो आता तिघांच्या अवघड विषयांचा दिवस झाला. आपापल्या वस्तीत असा शांत दिवस, शांत प्रहर कुठला, तो शोधून ठेवावा.

पोरांना घर पुरत नाही, मग ती महिन्याच्या फीवर चालणाऱ्या खासगी वाचनालयांत जातात. पूसा रोडपलीकडे ओल्ड राजेंद्रनगरात ती गल्लोगल्ली आहेत, कारण महाराष्ट्रासह देशभरातून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे राहतात. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी तिथल्या एका कोचिंगच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. आमच्या घरापासून ती जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या रात्री गावाहून फोनवर फोन आले, ‘पोरगा कुठं आहे?’ तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: वाय-फाय, एसी, खुर्ची नंतर बघायची. आधी बघायचं की जागा तळघरात तर नाही ना, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, जिन्यात सामान रचलंय का, दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप असेल तर वीज गेल्यावर ते उघडतं का. मुलं लाजतात विचारायला. आईवडिलांनी एकदा स्वतः जाऊन ती जागा बघावी. फी भरणाऱ्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

५. हायब्रिड हा शब्द नवा, रीत जुनी. मला वाटायचं की घरी शिकून अधूनमधून कॉलेजला जाणं ही करोनाने आणलेली गोष्ट. पण दिल्ली विद्यापीठाचं नॉन-कॉलेजिएट महिला शिक्षण मंडळ १९४४ पासून आहे. रोज कॉलेजला येऊ न शकणाऱ्या दिल्लीतल्या मुलींसाठी ते आठवड्याअखेरीला वर्ग भरवतं, आणि त्याचं एक केंद्र आमच्या शेजारच्या पटेल नगरात, कालिंदी कॉलेजात आहे. इतकी वर्षं त्या रस्त्याने भाजी आणायला जात होते, आत काय चालतं ते माहीत नव्हतं. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. तेच आजचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग. इग्नू १९८५ ची. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इथे दिल्लीत येऊन इग्नूचे कुलगुरू झाले. ही नावं मी मुद्दाम सांगते, कारण ‘घरबसल्या मिळालेली पदवी खरी का?’ हा प्रश्न आमच्याकडे सोयरीक जुळवताना सुद्धा निघतो. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

अट आहे ती मान्यतेची. फोनवर गोड बोलून, आजच पैसे भरा म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकण्याआधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तोच अभ्यासक्रम आणि तेच सत्र यादीत आहे का, ते बघावं. विद्यापीठ यादीत असलं तरी अभ्यासक्रम नसू शकतो. इंजिनियरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, कायदा या पदव्या दूरस्थ चालत नाहीत. २०२५ पासून मानसशास्त्रही दूरस्थ चालत नाही. आमच्या गल्लीतली एक मुलगी तोच विषय घेणार होती. आधी बघितलं म्हणून तिचं वर्ष वाचलं.

आणखी एक. लॉकडाऊनमधल्या वर्गांवरून ऑनलाइन शिक्षणाची पारख करू नये. तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही अचानक त्यात ढकलले गेले होते, आणि एका मोबाइलवर घरातली तीन तीन मुलं शिकत होती.

६. शिकणं पडद्यावर, परीक्षा केंद्रावर. मुलीच्या पदवीला धडे ऑनलाइन, दर आठवड्याची असाइनमेंट ऑनलाइन, पण क्विझ आणि सत्रांत परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. ‘स्वयम्’वरच्या एनपीटेलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. माझ्या बी.ए.ला असाइनमेंटला ३० टक्के आणि परीक्षेला ७० टक्के वजन, आणि असाइनमेंटही हाताने लिहून द्यायची. तीन तास सलग लिहिण्याची सवय माझ्या हाताला राहिली नव्हती. हिशेबाच्या वहीत आकडे लिहिणं वेगळं आणि उत्तरं लिहिणं वेगळं. शेवटचा महिना मी रोज घड्याळ लावून एक उत्तर लिहीत होते. सतत टायपिंग करणाऱ्या माझ्या मुलीच्या हातालाही लिहिण्याची सवय राहिली नव्हती. तिने एकविसाव्या वर्षी आणि मी चाळिशी उलटल्यावर एकाच टेबलावर बसून अक्षर सुधारलं, हे मला फार आवडलं.

७. लॅपटॉप नवाच हवा असं नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं गफ्फार मार्केट जवळ असल्याचा हा एक फायदा. जुना घेताना बॅटरी किती वेळ टिकते, कॅमेरा आणि माइक चालतो का, कीबोर्डची सगळी बटणं उठतात का ते दुकानातच तपासावं आणि पक्कं बिल घ्यावं. दुकानाचा मोबाइल अभ्यासाला वापरू नये, सोन्याच्या भावाचे मेसेज व्याख्यान पुरं होऊ देत नाहीत.

८. समजलं की नाही ते आपल्या भाषेत सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, मुलीच्या व्याख्यानात इंग्रजी. नाशिकचं विद्यापीठ मराठीतून शिकवतं, पण त्याची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रात. दिल्लीत राहून मला हिंदी माध्यम घ्यावं लागलं. बाजारात खडाखडा बोललेली हिंदी उत्तरपत्रिकेत पुरत नाही, ती वाचून कमवावी लागते. म्हणून प्रत्येक धडा संपला की मी तो कुणाला तरी मराठीत सांगायची. बहुतेक वेळा यांनाच, रात्री जेवताना.

मागणीची लवचीकता सांगत होते तेव्हाची गोष्ट. किंमत कमी झाली की कुठल्या वस्तूची मागणी किती वाढते, हे पुस्तकातल्या आकृतीवरून मी समजावत होते. हे सातवी शिकलेले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अगं, बजेटनंतर दुकानात येऊन बसली असतीस तर हे डोळ्यांसमोर दिसलं असतं.’ २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं होतं. त्या दिवसांत जुन्या दागिन्यांची मोड घेऊन येणारा कोण होता, नवीन दागिना घडवायला येणारा कोण, थांबून भाव आणखी पडायची वाट बघणारा कोण, शुल्क उतरलं की चोरट्या सोन्याचा नफा कसा आटतो, आणि ज्याच्या घरी महिन्याभरात लग्न आहे तो भाव कितीही असला तरी कसा घेतोच, हे त्यांनी एकेका गिऱ्हाइकासह सांगितलं. सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला माणसांचीही पारख असते. इतकी वर्षं मी त्यांचा डबा भरत होते आणि त्या दुकानात इतकं अर्थशास्त्र आहे याची मला कल्पना नव्हती. परीक्षेत त्या प्रश्नाला मी आकृती काढली आणि उदाहरण सोन्याचं दिलं. तेव्हापासून दर धड्याला मी त्यांना आधी विचारते, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पुस्तक त्यानंतर.

घरी शिकण्याचा मला सर्वांत मोठा लाभ हाच दिसतो. कॉलेजात गेलेली मुलगी काय शिकते ते घराला कळत नाही. आमच्याकडे मात्र जेवताना शब्द सांडतात, सासूबाई विचारतात, दीर आपलं मत देतात.

९. सोबती शोधावे लागतात. वर्गात बाकावर शेजारी आपोआप मिळतो, इथे मिळत नाही. मुलीच्या वर्गात हजारो विद्यार्थी, पण पडद्यावर एकही चेहरा नाही. सुरुवातीचे काही महिने ती फार एकटी पडली होती. नंतर दिल्लीतलेच चार-पाच जण एकमेकांना शोधून दर रविवारी भेटायला लागले आणि तिच्या बोलण्यात पुन्हा हसू आलं. माझ्या अभ्यासकेंद्रावरचे समुपदेशन वर्ग सक्तीचे नव्हते. मी तरीही जात होते. तिथे रात्रपाळी करून आलेली परिचारिका, मुलाला मांडीवर घेऊन बसणारी एक बिहारची बाई, मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा, निवृत्तीला आलेले एक शिपाई असे सगळे एका वर्गात. आमच्या सातारा-सांगलीकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला, १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज त्याच पायावर उभं केलं. त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेच्या बळवंत कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते आणि तेव्हा तो मंत्र भिंतीवर वाचून पुढे जात असे. त्याचा अर्थ मला दिल्लीतल्या या वर्गात कळला. डोळे झोपेने जड झालेली ती परिचारिका प्रश्न विचारायची तेव्हा शिक्षकही उभे राहून उत्तर द्यायचे.

१०. तारखा मनात राहत नाहीत, भिंतीवर लावाव्यात. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, दूध-गॅसचा हिशेब त्यावरच असतो. त्यावरच आम्ही तिघांनी तीन रंगांत तारखा लिहिल्या: असाइनमेंट, परीक्षेचा अर्ज, पुढच्या वर्षाची नोंदणी, परीक्षा. इग्नूची परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. मे महिना म्हणजे गावाकडची लग्नं, सगळे गलाईवाले तेव्हा गावी. ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर येतात, हे वर्षाच्या सुरुवातीलाच दिसलं तर नातेवाइकांना सांगता येतं. भाच्याच्या लग्नात मी हळदीला गेले नाही, अक्षता टाकून परत फिरले. नणंद रागावली नाही. तिने जाताना हातात शिदोरी दिली आणि म्हणाली, ‘वहिनी, पास व्हा म्हणजे झालं.’

करोल बागेत, चांदणी चौकात आणि देशात जिथे जिथे आपली गलाईची दुकानं आहेत, तिथे दहावी-बारावी करून थांबलेल्या सुना आहेत, भट्टीवर लागलेली पोरं आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी होतात. या दिवाळीला गावी जाल तेव्हा ट्रंकेतली गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत घेऊन या. अर्ज भरायला अडचण आली तर सोमवारी आमच्याकडे या, बाजार बंद असतो आणि आम्ही तिघंही घरी असतो.